हातमोज्यांची आठवी जोडी

काल्कबर्ग, न्यूयॉर्क राज्य
२० फेब्रुवारी १८०४

प्रिय बारेंट,

बाबा गेल्याचे दोन ओळींचे पत्र मी ११ तारखेलाच टपालात टाकले होते. ते आणि हे कदाचित तुला एकदमच मिळतील. नदी गोठलेली आहे, रस्त्यावर गुडघाभर बर्फ आहे, ओहायोहून तू येणे शक्यच नव्हते, असे मी सगळ्यांना सांगते आहे. तरी विचारणारे विचारतातच.

शेवटचे चार दिवस त्यांना बोलायला दम पुरत नव्हता. एकदा पाववाल्यांच्या वजनांविषयी काहीतरी म्हणाले. एकदा चर्चची घंटा झाली तर डोळे उघडून, "आग कुठं?" असे विचारले. महापौरपद सोडून तीन वर्षे झाली होती, पण घंटा म्हणजे आगच. आदल्या दिवशी दुपारी मात्र स्पष्ट म्हणाले, "ग्रीत, वेसलला बोलाव. खांदा द्यायला."

ज्या माणसाशी तेवीस वर्षांत त्यांचे एक धड वाक्य बोलणे झाले नाही, त्याचे नाव ऐकून मी पुन्हा विचारले. "वेसलच," ते म्हणाले. "डोंगरावरचा." मग झोपले.

मी तसेच केले. चर्चचा निरोप्या लुकास टोपीला लांब काळी फीत लावून आला तेव्हा बोलावण्याची यादी मी स्वतः त्याच्या हातात दिली. खांदेकऱ्यांत पहिले नाव वेसल ब्रात. रीतीप्रमाणे खांदेकऱ्यांसाठी पांढऱ्या हातमोज्यांच्या आठ जोड्या त्याच्यासोबत दिल्या.

वेसलकाका आले नाहीत. आम्ही बायका रीतीप्रमाणे घरीच होतो, पण खिडकीतून मी मोजले. सात जणांचे हात पांढरे होते. आठवी जागा शेजारच्या पिंपवाल्याने घेतली, त्याचे हात उघडे होते. उरलेली जोडी परत आलेली नाही. ठेवून घेतली असेल आणि तरी आले नसतील, तर त्या माणसाला काय म्हणावे ते मला कळत नाही.

पलटणीने बार काढले. पहिला एकदम उडाला, दुसरा विस्कटला, तिसऱ्याला थंडीने निम्म्या बंदुका पेटल्याच नाहीत. लोक जेवले, पाइप ओढले, मयताची बिस्किटे खिशात घालून घरी गेले.

आता दगडाचे. पाथरवट मार्टिन मजकूर विचारायला आला होता. मी लिहून दिले: योरिस टेनहागेन, त्याखाली कर्नल, त्याखाली या शहराचे महापौर, आणि तारखा. हे चर्चच्या समितीपुढे मंजूर व्हावे लागते. काल निरोप आला की समितीतल्या डर्क स्काउटेन यांची हरकत आहे. ते म्हणाले, "महापौर म्हणा, हजार वेळा म्हणा. पण वरच्या वस्तीची अकरा माणसं त्याच आवारात पुरली आहेत. त्यांच्या शेजारी कर्नल हा शब्द नको."

तुला यावर काय वाटते ते लिही. मला एकटीने ठरवायचे नाही.

तुझी बहीण,
ग्रीत


सायोटो नदीकाठ, ओहायो
४ एप्रिल १८०४

प्रिय ग्रीत,

तुझी दोन्ही पत्रे परवा एकाच पिशवीतून आली. मी तेव्हा जंगलात जमीन मोजण्याची साखळी ओढत होतो. एका ओंडक्यावर बसून वाचली आणि पुन्हा साखळी ओढायला गेलो. दुसरे काय करणार होतो ते मला सुचले नाही.

तू सगळे नीट केलेस. तू नेहमीच करतेस. त्यामुळे माझ्यासारख्याला सल्ला देण्याचा अधिकार नाही हे मला कळते. तरी तू विचारलेस म्हणून लिहितो.

कर्नल हा शब्द सोडून दे.

महापौर म्हणून त्यांनी काय केले ते सगळ्या शहराला माहीत आहे. चौकातले पाण्याचे पंप त्यांचे. घरटी आगीच्या बादल्या त्यांच्या. पावाचे वजन त्यांनी स्वतः बाजारात उभे राहून केले आणि सख्ख्या मेव्हण्याचा हलका पाव जप्त केला. एवढे एका दगडाला पुरे आहे. त्या एका शब्दासाठी तू डर्क स्काउटेनशी भांडायला जाशील, आणि मग पुन्हा सगळे गाव नदीच्या उतारावर, पायी ओलांडायच्या जागी, काय झाले ते उगाळेल.

उतारावर काय झाले ते मला शाळेत रोज ऐकवले जायचे, ग्रीत. तू घरी पाद्रीसाहेबांकडे शिकत होतीस, तुला माहीत नाही. ऑक्टोबर १७८० मध्ये नदीपलीकडे इंग्रजांनी पेटवलेली वरची वस्ती जळत होती, धूर दिसत होता, आणि आपले बाबा आपली माणसे घेऊन अलीकडे उभे होते. संध्याकाळपर्यंत. चौकशीत त्यांनी सांगितले, पाणी छातीएवढे होते. सगळ्या खोऱ्याला माहीत होते की गुडघ्याएवढे होते. मुले मला डबक्याशी उभे करून विचारायची, "काय रे कर्नल, पाणी गार आहे का?"

मी बाबांना कधी विचारले नाही. ओहायोला निघालो त्या दिवशीही विचारले नाही. आता विचारायचे राहिले नाही, हे बरेच म्हणायचे.

वेसल ब्रात आला नाही यात मला नवल वाटत नाही. तो त्या दिवशी तिथे होता. काय पाहिले ते त्याला ठाऊक.

तुझा,
बारेंट


काल्कबर्ग
१६ मे १८०४

रा. वेसल ब्रात यांस,

तुम्हाला मी लहानपणी वेसलकाका म्हणत असे. आता काय म्हणावे हे ठरवता आले नाही म्हणून असे सुरू केले आहे.

तुम्ही माझ्या वडिलांच्या अंत्ययात्रेला आला नाहीत. तो तुमचा प्रश्न. मी त्याबद्दल विचारणार नाही.

त्यांच्या दगडावर कर्नल हा शब्द कोरण्याला हरकत घेतली गेली आहे. समितीची बैठक मार्चमध्ये पाद्रीसाहेबांच्या खोकल्यामुळे झाली नाही, एप्रिलमध्ये छपराच्या वादात गेली, आणि परवा सभासदच पुरे पडले नाहीत. दरवेळी मी काळे कपडे घालून जाते आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून परत येते. डर्क स्काउटेन मला पाहून दरवेळी टोपी काढतात आणि दरवेळी हरकत कायम असल्याचे सांगतात.

उतारावर जी तुकडी होती ती तुमची होती. तुम्ही तिचे कप्तान होतात. माझे वडील त्या दिवशी घाबरले होते का, एवढेच मला हवे आहे. हो असेल तर तसे लिहा, मी अर्ज मागे घेते. नाही असेल तर समितीपुढे येऊन सांगा.

माझ्या भावाचे उत्तर मला आले आहे. ते मला पुरेसे नाही.

आपली,
मार्गरिटा टेनहागेन


डोंगर
१९ मे

ग्रीत पोरी,

मला लिहिता येत नाही तुझ्यासारखं, शाळामास्तराची मुलगी लिहिते आहे, मी बोलतो आहे. तिला सांगितलंय, एक शब्द सुधारायचा नाही.

तू म्हणतेस मी आलो नाही. मला बोलावलं कुणी? शनिवारी सकाळी घंटा ऐकली. ठोके मोजले, वयाइतके भरले. म्हटलं, योरिस गेला. काळा कोट काढला, ब्रश मारला, दाढी केली, आणि दारात खुर्ची टाकून बसलो. अकरा फेब्रुवारीचा दिवस बसलो. बाराला बसलो. तेरालाही बसलो. बायको म्हणाली, "अहो, आत या, गोठून मराल." म्हटलं, लुकास येईल, घरात कोणी नाही असं वाटून परत जाईल. चौदा तारखेला बंदुकांचे बार ऐकले. बार पण काय, जुनी खुर्ची मोडावी तसे. मग कोट काढून ठेवला.

न बोलावता जाणारा मी नव्हे. आपल्यात कोणीच जात नाही. आमंत्रण नाही म्हणजे नको आहे, हे आपल्याकडं तान्ह्या मुलालाही कळतं. मेल्यावर तरी योरिस बोलावील असं वाटलं होतं मला. नाही बोलावलं. ठीक आहे. तुझ्या बापाचा अधिकार होता तो.

तेव्हा खांदा नको होता, आता साक्ष हवी. वा.

वेसल ब्रात


काल्कबर्ग
१० जून १८०४

प्रिय बारेंट,

वेसलकाकांच्या पत्राची नक्कल सोबत आहे. आधी ती वाच. ती वाचताच मी शाल घेतली आणि लुकासकडे गेले.

तो चर्चच्या कोठीत काळ्या फिती गुंडाळत होता. मी विचारले, "लुकास, तू डोंगरावर वेसल ब्रात यांच्याकडे गेला होतास ना?"

"नाही बाई."

"यादीत त्यांचं नाव पहिलं होतं."

"होतं. पण ते उत्तर वेशीच्या बाहेर राहतात. वेशीबाहेर निरोप द्यायचा तर मयताच्या घरून घोडा यायला लागतो. माझ्या बापाच्या वेळेपासून आहे ते. तुमच्या घरून घोडा आला नाही."

मी म्हणाले, "डोंगर सात वर्षांपूर्वीच शहरात घेतला. माझ्या वडिलांनीच घेतला. वेस तर पाडली."

"शहराची हद्द महापौर ठरवतो, बाई. मयताची हद्द चर्च ठरवतं." त्याचे मुळीच चुकले नव्हते असे त्याच्या तोंडावर होते. "शिवाय म्हटलं, त्या दोघांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. घोडा नाही पाठवला, तर मुद्दामच नसेल पाठवला. नाव लिहायचं आणि घोडा नाही पाठवायचा, अशी मोठ्या घरांची पद्धत असते कधी कधी."

"मग हातमोजे?"

त्याने खण उघडला. आठवी जोडी तिथे होती, घडी न मोडलेली. चार महिने. "कोणी मागितले नाहीत," तो म्हणाला.

मी जोडी उचलून घेतली. बोलायला सुरुवात केली असती तर थांबता आले नसते. आपल्या आईच्या वेळी सगळे बाबांनी पाहिले होते, घोड्याचे मला कोणी सांगितले नव्हते. घोडा तबेल्यात उभाच होता, बारेंट. त्याला तीन दिवस कोणी बाहेर काढले नव्हते.

हातमोजे घेऊन मी तशीच डोंगरावर गेले. वेसलकाका कुंपण दुरुस्त करत होते. मला पाहून म्हणाले, "बादल्या तपासायला आलीस काय? तीनही आहेत. नदी चारशे पावलं खाली, आणि तुझ्या बापानं मला तीन बादल्या ठेवायला लावल्या. एकीत कोंबडी अंडी घालते."

मी त्यांना लुकासचे सांगितले. घोड्याचे सांगितले. बाबांचे शेवटचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ते खिळे तोंडात धरून ऐकत होते. मग एकेक खिळा काढून खिशात टाकला.

"डोंगरावरचा, असं म्हणाला?"

"हो."

"गाढव आहे तो लुकास." मग म्हणाले, "आणि तू पण." मग म्हणाले, "आणि मी तीन दिवस दारात बसलो तो कोण?" मी हातमोजे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत. "आधी ऐक," म्हणाले.

त्यांनी जे सांगितले ते मी थोडक्यात लिहिते. पूर्ण कागद त्यांनी मला लिहून घ्यायला लावला आणि खाली सही केली. तो माझ्याकडे आहे.

त्यांच्या तुकडीला पंधरा दिवसांसाठी बोलावले होते. उतारावर पोचले तो सोळावा दिवस. शेतात मका उभा, सगळ्यांची मने घरी लागलेली. बाकीच्या दोन तुकड्या मागे अडकल्या होत्या. पलीकडे धूर दिसायला लागला, बाबांनी हुकूम दिला, आणि माणसे गवतावर बसली. छत्तीसच्या छत्तीस. म्हणाली, आमचे दिवस भरले. बाबा वेसलकाकांकडे वळले, कारण माणसांनी निवडलेले कप्तान ते. "आणि मी काय केलं सांगू?" ते मला म्हणाले. "मी पण बसलो."

शत्रूसमोर हुकूम मोडला की कप्तानाला दोर आणि माणसांना फटके. एक स्वार मागून येत होता, सेनापतीचा. त्याच्या घोड्याच्या टापा ऐकू आल्या तसे बाबांनी घोडा फिरवला आणि त्या स्वाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "तुकडी इथंच थांबेल! पाणी खोल आहे! माझ्या हुकमाशिवाय कोणी हलायचं नाही!"

"आम्ही बसलेलोच होतो," वेसलकाका म्हणाले. "त्या क्षणापासून आम्ही हुकमानं बसलेलो झालो."

मी विचारले, "मग तुम्ही त्यांच्याशी बोलणं का सोडलंत?"

ते चिडले. "तो रोज सकाळी समोरून जायचा. टोपी उचलायचा. एक शब्द नाही, एक टोमणा नाही! एकदा जरी म्हणाला असता, वेसल हरामखोरा, तुझ्यामुळं माझं नाव गेलं, तर मी त्याच्या गळ्यात पडलो असतो. नवीन वर्षाच्या दिवशी घर उघडं असायचं म्हणून मी यायचो, दारातच केक खायचो, म्हणायचो आज काढील विषय. तो म्हणायचा, 'अजून एक घे.' माणसानं किती केक खायचे?"

हे मी हसत लिहीत नाही, पण तिथे मला हसू आले आणि त्यांनाही. मग ते कुंपणाला धरून उभे राहिले.

शेवटचे एक. त्या छत्तीस जणांत डर्क स्काउटेन होते. आणि त्यांची बायको एल्स्ये वरच्या वस्तीची. तिचा भाऊ त्या अकरा जणांत आहे. लग्न नंतर झाले. तिला काहीही माहीत नाही.

हे पत्र वाचून झाल्यावर कोणाला दाखवू नकोस.

ग्रीत


सायोटो नदीकाठ
२५ जुलै १८०४

ग्रीत,

हे छापायला दे. ताबडतोब. तुमच्या वर्तमानपत्रात, वेसल ब्रातच्या सहीसकट, छत्तीस नावांसकट. दगडावर फक्त कर्नल नको, उताराचे नावही कोर.

मी काय केले ते तुला सांगतो, म्हणजे तुला कळेल मी का असा लिहितो आहे. इथे मागच्या वर्षी मिलिशिया, म्हणजे गावकऱ्यांची पलटण, उभी राहिली. शेजाऱ्यांनी मला कप्तान निवडले. मी नाही म्हणालो. कारण विचारले तेव्हा म्हणालो, आमच्या घराण्यात ते रक्त नाही. भर सभेत. लोक हसले, मीही हसलो. बाबा तेव्हा जिवंत होते. आणि त्याच महिन्यात त्यांचे पत्र आले होते: तब्येत बरी, नदीला पूर, तुझी मोजणी कशी चालली आहे. मी उत्तर दिले नव्हते.

तेवीस वर्षे ते गप्प राहिले. मला तरी सांगायचे होते. मी त्यांचा मुलगा होतो, मी कोणाकडे बोललो असतो? मला राग कोणाचा येतो आहे तेच कळत नाही. डर्क स्काउटेनचा येतो, तो सोपा आहे. त्याला सोडू नकोस. त्याच्या बायकोला कळू दे. अकरा दगडांसमोर दर रविवारी ती तुझ्यामाझ्या बापाला शिव्या देत असेल.

तू नेहमीसारखी गप्प बसू नकोस. तू अगदी त्यांच्यासारखी आहेस.

बारेंट


काल्कबर्ग
१४ सप्टेंबर १८०४

प्रिय बारेंट,

तुझे पत्र मी तीनदा वाचले. तू सभेत जे म्हणालास त्याबद्दल मी तुला काही म्हणणार नाही. बाबांना ते कळले नव्हते. कळले असते तरी त्यांनी तुला पुराचेच लिहिले असते.

बैठक अखेर या सोमवारी झाली. जुलैत गवतकापणी होती, ऑगस्टमध्ये दोघे सभासद बोस्टनला गेले होते. या खेपेला मी लुकासला आमच्या घोड्यावर बसवून डोंगरावर पाठवले आणि वेसलकाकांना रीतसर बोलावणे दिले. लुकास म्हणाला, "बाई, समितीच्या बैठकीला निरोप्या जात नाही." मी म्हणाले, "घोडा आला आहे ना? मग जा." तो गेला.

वेसलकाका आले, काळ्या कोटात. माझ्या खुर्चीच्या मागे भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांचा कागद माझ्या खिशात होता. मी तो वाचून दाखवायचा असे ठरवून गेले होते. तुझ्या सांगण्यावरून नव्हे. सात महिने दाराजवळच्या त्या खुर्चीत बसून मला वीट आला होता.

डर्क स्काउटेन उठले. त्यांनी पुन्हा अकरा माणसांचे सांगितले. मग म्हणाले, "कर्नलसाहेब नदीच्या अलीकडे फार शूर होते, एवढंच मला म्हणायचं आहे." दोघे-तिघे हसले.

मी खिशात हात घातला. दार उकाड्यामुळे उघडे होते. बाहेरच्या बाकावर एल्स्ये स्काउटेन बसली होती, नवऱ्याची वाट पाहत. मांडीवर विणकाम होते. तिला आतले ऐकू येत होते, कारण भावाचे नाव निघाले तेव्हा तिच्या सुया थांबल्या. मी कागद बाहेर काढला नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. काढायला हवा होता असे मला अजूनही दिवसातून एकदा वाटते.

तेवढ्यात वेसलकाका पुढे झाले, दार लोटून घेतले आणि म्हणाले, "डर्क, त्या दिवशी तुझा डावा बूट ओला होता."

सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले.

"तू तो काढून काठीवर वाळत घातला होतास. गवतावर बसून मोजा पिळत होतास. मी तुझ्या शेजारीच बसलेलो. कर्नलसाहेबांचा घोडा तुझ्या बुटाला वळसा घालून गेला. आठवतं?"

पाद्रीसाहेब म्हणाले, "कप्तान, याचा इथं काय संबंध?"

"काही नाही. आठवलं म्हणून सांगितलं. पुढचं आठवत असेल तर डर्क सांगेल. नाहीतर मी आहेच."

डर्क स्काउटेन खाली बसले. त्यांनी पाणी मागितले आणि प्यायले नाही. नंतर टेबलाकडे पाहत म्हणाले, "माझी हरकत नाही." कशाला नाही, असे पाद्रीसाहेबांनी विचारले. "त्या शब्दाला," ते म्हणाले. चिटणीसाने नोंद केली: चर्चेअंती हरकत मागे घेण्यात आली. एवढेच. कारण लिहिलेले नाही. पन्नास वर्षांनी कोणी ती वही उघडली तर त्याला वाटेल, लोकांना दया आली असावी.

मार्टिनने काल दगड उभा केला. नाव आणि महापौर यांच्यामध्ये त्याने एक ओळ मोकळी ठेवली होती, तिथे कर्नल कोरला आहे. वेसलकाका पाहायला आले होते. मी हातमोजे दिले, ते आता त्यांनी घेतले. घालायला गेले तर बोटे आत जाईनात, सांधे सुजलेले आहेत. "योरिसला माझ्या हाताचं माप आठवत नव्हतं," म्हणाले. मोजे मी विकत आणले होते हे मी सांगितले नाही. त्यांनी ती जोडी हातातच धरून ठेवली. निघताना विचारले, "त्या कागदाचं काय करणार?" मी म्हणाले, ठेवणार. "मी गेल्यावर?" ठेवणारच. ते म्हणाले, "बापाचीच आहेस," आणि ते कौतुक होते की नाही हे मला कळले नाही. तूही तेच लिहिले होतेस.

तो कागद मी तुला पाठवणार नाही आणि छापायलाही देणार नाही. छत्तीसांतले अकरा जण अजून हयात आहेत. त्यांना वाचवायला बाबांनी जे दिले ते देऊन झाले आहे, आता ते परत मागता येत नाही. तू रागावशील. रागाव. फक्त तिथे पुन्हा कप्तानाची निवडणूक झाली तर नाही म्हणू नकोस.

आता काल संध्याकाळचे सांगून पत्र संपवते. आवाराच्या फाटकाशी एल्स्ये स्काउटेन भेटली. ती भावाच्या दगडावरची पाने काढायला आली होती. तिने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "ग्रीत, मला विश्वासच बसेना. माझ्या नवऱ्यानं तुझ्या वडिलांना माफ केलं. चोवीस वर्षांनी! मी त्याला विचारलं, कसं जमलं तुला? तर उठून आत जाऊन बसला. फार मोठ्या मनाचा आहे गं तो. मला नसतं जमलं."

तिच्या मागे आठ-दहा पावलांवर बाबांचा दगड होता. माझे हात न सोडता तिने विचारले, "हो ना?"

"हो," मी म्हणाले. "त्यांना माझे आभार सांगा."

तुझी बहीण,
ग्रीत